कंपनी म्हणते ‘सही करा, पैसे घ्या’. पण त्या सहीची खरी किंमत किती असते?

जुलै २०२५ च्या शेवटी टीसीएसनं जाहीर केलं की, जगभरातले आपले सुमारे २ टक्के कर्मचारी कमी केले जातील. तेव्हा कंपनीत ६ लाख १३ हजारांच्या आसपास लोक होते, म्हणजे आकडा १२ हजारांच्या वर जात होता. पुढच्या तिमाहीचे निकाल आले तेव्हा कंपनीनं या फेररचनेपोटी १,१३५ कोटी रुपयांचा खर्च दाखवला. बातम्या या दोन आकड्यांवर झाल्या.

पुण्यात मात्र भांडण एका शब्दावरून सुरू झालं. तो शब्द म्हणजे ‘राजीनामा’.

‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेचा आरोप होता की लोकांना काढलं जात नाहीये, त्यांच्याकडून राजीनामे लिहून घेतले जातायत. एकट्या पुण्यात असे सुमारे २,५०० जण असल्याचा दावा करत संघटनेनं मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं. कंपनीनं हे आरोप फेटाळले आणि आकडे चुकीचे असल्याचं सांगितलं. नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयानं कंपनीला सुनावणीसाठी बोलावलं.

आता वरवर पाहिलं तर वाटेल, काढलं काय आणि राजीनामा दिला काय, नोकरी तर गेलीच. मग शब्दावरून एवढा वाद कशाला? पण कायद्याच्या हिशोबात या दोन शब्दांमध्ये लाखांचा फरक पडतो. तो फरक अनेकांना सही करून घरी आल्यावर कळतो.

धावड्यापर्यंत हा विषय कसा पोहोचतो?

हिंजवडीतलं भांडण धावड्याला लांबचं वाटू शकतं. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्याचं हे गाव. अजिंठ्याचे डोंगर जवळ, बुलढाण्याची हद्द जवळ, शेतात कपाशी, मका, मिरची. पण या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात विचारलं तर घरटी एखादा तरी पोरगा वाळूजला, शेंद्र्याला, चाकणला किंवा रांजणगावला कामाला असतो. कुणी आयटीआय करून लाईनवर लागलेला असतो, कुणी डिप्लोमा करून क्वालिटीत, कुणी इंजिनिअरिंग करून पुण्यात. शेताचं उत्पन्न पावसावर आणि भावावर अवलंबून असतं. महिन्याच्या ठरावीक तारखेला येणारा पैसा तो एकच, या पोराचा पगार.

अशा पोराला एखाद्या दुपारी एचआर केबिनमध्ये बोलावतात. समोर तीन-चार पानांचा इंग्रजी कागद असतो. ‘कंपनीची परिस्थिती अवघड आहे, तुम्हाला ५ लाख देतोय, आजच्या आज सही करा, उद्या ही ऑफर राहणार नाही.’ घरी फोन लागतो. घरचे म्हणतात, पैसे मिळतायत ना, मग घे आणि ये गावाकडे, कंपनीशी भांडून कोण जिंकलंय. सल्ला मायेचा असतो. कधी कधी तो बरोबरही ठरतो. पण बरोबर की चूक हे ठरवायचं तर आधी त्या ५ लाखांची फोड करावी लागते.

५ लाखांत कंपनीचे किती आणि स्वतःचेच किती?

सगळा विषय इथेच आहे. कंपनी जी एकरकमी रक्कम सांगते तिच्यात दोन प्रकारचे पैसे मिसळलेले असतात. एक, जे सही केली नाही तरी मिळणारच होते. आणि दोन, जे फक्त सहीच्या बदल्यात मिळतायत. सहीची खरी किंमत म्हणजे फक्त दुसरा ढीग.

एक उदाहरण घेऊ. चाकणच्या कारखान्यात ९ वर्षं नोकरी झालेला कायम कामगार. हातात ३२ हजार येतात, पण कायद्याच्या हिशोबासाठी धरायचं वेतन २० हजार आहे असं समजू.

पहिली ग्रॅच्युइटी. सूत्र सरळ आहे. महिन्याच्या वेतनाला २६ नं भागायचं, १५ नं गुणायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. ९ वर्षांचे झाले १ लाख ३ हजार ८४६ रुपये. नोकरी कशीही सुटली, राजीनाम्यानं की छाटणीनं, ५ वर्षं पूर्ण झाली असतील तर ही रक्कम कामगाराचीच. करारात काहीही लिहून ती काढून घेता येत नाही.

दुसरी छाटणीची भरपाई. कायद्यानं प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन. इथे ९० हजार. त्यावर एक महिन्याची नोटीस किंवा तिच्या बदल्यात पगार, म्हणजे २० हजार. नव्या कायद्यात आणखी एक गोष्ट आलीय. छाटणी झालेल्या कामगाराच्या नावे मालकानं १५ दिवसांचं वेतन ‘पुनर्कौशल्य निधी’त भरायचं आणि ते ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात यायचं. हे १० हजार. साठलेल्या ३० रजांचे पैसे धरले तर अजून २० हजार.

बेरीज होते २ लाख ४३ हजार ८४६.

म्हणजे कंपनी ‘५ लाख देतोय’ म्हणत असेल आणि त्यात ग्रॅच्युइटी, नोटीस, रजा सगळं धरलेलं असेल, तर ती प्रत्यक्षात अडीच लाखांच्या थोडं वर देतेय. बाकीचे याच माणसाचे पैसे त्याच्याच हातात मोठेपणानं ठेवले जातायत. आणि ५ लाख हे ग्रॅच्युइटी वगैरे सोडून वरचे असतील तर गणित एकदम बदलतं. मग ऑफर खरंच बरी आहे. म्हणून केबिनमध्ये विचारायचा पहिला प्रश्न ‘रक्कम वाढवणार का’ हा नसून ‘या रकमेत काय काय धरलंय, ते वेगवेगळं लिहून द्या’ हा आहे. पीएफचा तर या टेबलावर विषयच नसतो. तो खात्यात आधीच आहे, कंपनी तो ‘देत’ नाही. तरीही काही कागदांत पीएफची रक्कम बेरजेत धरून आकडा फुगवलेला असतो.

राजीनाम्यानं नेमकं काय जातं?

वरच्या यादीतल्या छाटणीच्या भरपाईकडे पुन्हा बघा. ती छाटणी झाल्यावर मिळते. माणूस स्वतःहून गेला तर ती छाटणीच नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही स्वेच्छेनं घेतलेली निवृत्ती छाटणीच्या व्याख्येबाहेर होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा औद्योगिक संबंध संहितेनं घेतली, पण हे तत्त्व कायम आहे. राजीनाम्याची सही झाली की १५ दिवसांची भरपाई, नोटीस, पुनर्कौशल्य निधी हे सगळे हक्क कायद्यातून निघून कंपनीच्या मर्जीत जातात.

आणखीही काही जातं. छाटणी करताना ‘शेवटी आला तो आधी जाईल’ हा साधारण नियम पाळावा लागतो, आणि तो मोडायचा तर कारणं नोंदवावी लागतात. नंतर पुन्हा भरती निघाली तर छाटणी झालेल्यांना आधी संधी द्यावी लागते. नव्या संहितेत यासाठी एका वर्षाची मुदत आहे. ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला छाटणीआधी सरकारची परवानगी लागते. जुन्या कायद्यात ही मर्यादा १०० होती. राजीनामा दिलेल्या माणसासाठी यातलं काहीच लागू होत नाही. कंपन्यांना छाटणीपेक्षा ‘ऐच्छिक’ हा शब्द का आवडतो याचं उत्तर इथे आहे.

आता हे सगळं ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी. मॅनेजर किंवा प्रशासकीय अधिकारी असेल, किंवा महिना १८ हजारांच्या वर पगार घेणारा सुपरवायझर असेल, तर तो या संरक्षणाबाहेर जातो. त्याच्यासाठी नेमणूकपत्रातल्या अटी हाच मुख्य आधार. पण इथे एक मेख आहे. व्हिजिटिंग कार्डवर ‘असिस्टंट मॅनेजर’ छापलं म्हणून कुणी मॅनेजर होत नाही. न्यायालय प्रत्यक्ष काम काय होतं ते बघतं. २०१५ साली टीसीएसनं चेन्नईत काढलेल्या एका अभियंत्याला कंपनी कामगार मानायला तयार नव्हती. चेन्नईच्या कामगार न्यायालयानं २०२२ मध्ये त्याला कामगार ठरवलं आणि मागच्या पगारासह कामावर घेण्याचा आदेश दिला.

निकाल त्याच्या बाजूनं लागला, पण मध्ये सात वर्षं गेली. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

तळेगावात सही न करणाऱ्यांचं काय झालं?

महाराष्ट्रातलं अलीकडचं सगळ्यात मोठं उदाहरण जनरल मोटर्सचं. २०१७ मध्ये कंपनीनं भारतात गाड्या विकणं थांबवायचं ठरवलं. हलोलचा कारखाना गेला, तळेगावचा निर्यातीसाठी चालू राहिला. तिथलं उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबलं. कारखाना ग्रेट वॉल या चिनी कंपनीला विकायचा करार झाला होता, पण एप्रिल २०२० मध्ये केंद्रानं शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीवर बंधनं आणली आणि तो व्यवहार अडकला. २०२२ मध्ये तो मोडला.

राज्य सरकारनं कारखाना बंद करायची परवानगी नाकारली. मग एप्रिल २०२१ मध्ये कंपनीनं १,४१९ कामगारांना ‘ले-ऑफ’च्या नोटिसा दिल्या. (आपण बोलताना नोकरी गेली की ‘ले-ऑफ झाला’ म्हणतो. कायद्यात मात्र ले-ऑफ म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवणं. नोकरी कागदावर चालूच असते.) कंपनीचं म्हणणं होतं की आम्ही कायद्यापेक्षा बरंच जास्त पॅकेज देतोय. कामगार संघटनेचं म्हणणं होतं की आम्हाला पॅकेज नको, काम हवं. कारखाना जो घेईल त्यानं आम्हालाही घ्यावं.

ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईनं तळेगावची जमीन, इमारत आणि यंत्रसामग्री घ्यायचा करार केला. कामगार त्या यादीत नव्हते. ऑक्टोबरमध्ये कामगार उपोषणाला बसले.

या प्रकरणातून दोन्ही बाजूंचे लोक आपापला धडा काढतात. एक म्हणतो, एकत्र राहिले म्हणून एवढी मोठी कंपनी अडीच वर्षं टेबलावर बसून राहिली. दुसरा म्हणतो, अडीच वर्षं घरचे हप्ते कुणी भरले? दोघंही बरोबर आहेत. पण एक फरक लक्षात घ्यायला हवा. तळेगावच्या कामगारांकडे तीन गोष्टी होत्या. मान्यता असलेली संघटना, सरकारी परवानगीची अट लागू होणारा मोठा कारखाना, आणि विकून पैसे येतील अशी जमीन असलेली धडधाकट कंपनी. यातलं काहीच नसताना फक्त जिद्दीवर सही नाकारणं वेगळं.

कंपनीच बुडत असेल तर गणित पूर्ण उलटतं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या चितेगावला व्हिडिओकॉनचा मोठा पसारा होता. जून २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. एकदा तसं झालं की पैसे मागणाऱ्यांची रांग लागते. दिवाळखोरी कायद्यात कंपनी विकून टाकायची वेळ आली तर प्रक्रियेचा खर्च आधी निघतो, त्यानंतर कामगारांची मागच्या २४ महिन्यांची थकबाकी तारणधारक बँकांच्या बरोबरीनं धरली जाते. ऐकायला बरं वाटतं, पण वाटायला काय उरतं आणि किती वर्षांनी, हा खरा प्रश्न. पगार दोन-तीन महिने लांबत असतील, पुरवठादार गेटवर येत असतील, तर हातात मिळणारा चेक, तोही लगेच वटणारा, हा पुढच्या निकालापेक्षा मोलाचा. अशा वेळी हप्त्या-हप्त्यानं देऊ म्हणणारा करार घेऊ नये.

सही केल्यावर मागे फिरता येतं का?

थोडं. आणि फार पटकन केलं तरच.

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्यात धाक, फसवणूक किंवा अवाजवी दबावाखाली दिलेली संमती मोडता येते. सर्वोच्च न्यायालयानं १९८६ च्या ब्रोजोनाथ गांगुली प्रकरणात तर असंही म्हटलंय की, दोन्ही बाजूंच्या ताकदीत प्रचंड तफावत असताना लादलेली अन्यायकारक अट टिकत नाही. राजीनामा स्वीकारला जाण्याआधी, किंवा पुढच्या तारखेचा असेल तर ती तारीख येण्याआधी, साधारणपणे मागेही घेता येतो.

पण पैसे खात्यात घेऊन गप्प बसलेल्या माणसाकडे न्यायालय वेगळ्या नजरेनं बघतं. २००० साली सरकारी बँकांनी व्हीआरएस आणली तेव्हा अनेकांनी अर्ज करून नंतर मागे घेतले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ज्यांनी योजनेचे पैसे घेतले होते त्यांना माघार घेता आली नाही. २००३ च्या ए. के. बिंदल प्रकरणात न्यायालयानं म्हटलं की व्हीआरएस घेऊन बाहेर पडलेला माणूस नंतर जुन्या वेतनवाढीचा फरक मागू शकत नाही. तिथे नातंच संपलेलं असतं.

म्हणून दबाव आला असेल तर त्याची नोंद त्याच दिवशी व्हायला हवी. संध्याकाळी स्वतःच्या ईमेलवरून एचआरला दोन ओळी पाठवायच्या: आज अमुक वाजता बोलावलं, सही करायला सांगितलं, वाचायला वेळ दिला नाही. ऑफिसचा ईमेल त्याच रात्री बंद होऊ शकतो, म्हणून स्वतःचा. सहा महिन्यांनी न्यायालयात ‘दबाव होता’ म्हणण्यापेक्षा हे दोन ओळींचं पत्र जास्त वजनदार ठरतं. आयटीत तर कागदही नसतो. पोर्टलवर ‘रिझाइन’चं बटण स्वतः दाबायला लावतात आणि कारण म्हणून ‘वैयक्तिक’ निवडायला सांगतात. ते बटण म्हणजेच सही.

इथे बाहेरच्या देशांकडे बघण्यासारखं आहे. अमेरिकेत कामावरून काढणं आपल्यापेक्षा सोपं आहे, पण चाळिशी ओलांडलेल्या माणसाकडून वयावरून होणाऱ्या भेदभावाचे दावे सोडून द्यायची सही घ्यायची असेल तर त्याला विचारासाठी २१ दिवस द्यावे लागतात, सामूहिक कपात असेल तर ४५. सही केल्यावरही ७ दिवसांत ती मागे घेता येते. हा नियम १९९० पासून आहे. ब्रिटनमध्ये स्वतंत्र सल्लागाराकडून सल्ला घेतल्याशिवाय असा करार सहसा बंधनकारकच होत नाही, आणि बऱ्याचदा सल्ल्याची फी कंपनीच भरते. जर्मनीत आपणहून करार करून बाहेर पडलं तर बेकारी भत्ता १२ आठवड्यांपर्यंत अडकू शकतो, म्हणून लोक सहीआधी दहादा विचार करतात.

आपल्याकडे चार नव्या संहिता आल्या, पण ‘कागद घरी नेऊन वाचायला इतके दिवस’ असा हक्क कुठल्याच संहितेत आला नाही. ही उणीव मोठी आहे. मराठी माध्यमात शिकून लाईनवर लागलेल्या पोरासमोर इंग्रजी करारनामा ठेवायचा आणि संध्याकाळपर्यंत सही मागायची, याला संमती म्हणणं अवघड आहे. तरीही दोन-चार दिवस मागायला कायदा अडवत नाही. ‘आज नाही तर कधीच नाही’ ही ऑफर बहुतेक वेळा उद्याही असते, कारण कंपनीला ती सही हवी असते.

कागदातल्या कुठल्या ओळी बघायच्या?

सगळ्यात जड ओळ असते ‘यापुढे माझी कंपनीकडे कुठलीही मागणी नाही’ अशा अर्थाची. ती नसेल असं सहसा होत नाही. बघायचं ते एवढंच की ती ओळ पैसे मिळाल्यानंतर लागू होते की सही केल्या क्षणी. ग्रॅच्युइटी आणि पीएफ त्यातून वगळल्याचं स्पष्ट लिहून घेता आलं तर उत्तम.

‘दोन वर्षं प्रतिस्पर्धी कंपनीत काम करणार नाही’ ही अट बघून अनेक जण घाबरतात. नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी आपल्या करार कायद्याच्या कलम २७ मुळे टिकत नाही. कंपनीची गुपितं फोडायची नाहीत ही अट मात्र टिकते. न्यायालयात किंवा कामगार कार्यालयात जायचंच नाही, असं सरसकट लिहून घेतलेलंही कलम २८ पुढे टिकणं कठीण.

याहून रोजच्या उपयोगाच्या गोष्टी दुसऱ्या असतात. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवपत्र किती दिवसांत मिळणार, त्यात कारण काय लिहिणार, ग्रुप मेडिक्लेम कधीपर्यंत चालणार, जॉइनिंग बोनस किंवा ट्रेनिंग बाँडची वसुली होणार का. आईवडिलांचा दवाखाना त्या मेडिक्लेमवर चालू असेल तर तीन महिने विमा वाढवून घेणं हे पन्नास हजार जास्त मागण्यापेक्षा कामाचं ठरू शकतं. पुढच्या नोकरीत कुणी चौकशी केली तर कंपनी काय उत्तर देणार, हेही लिहून मागता येतं.

शेवटची तारीखही बघावी. ४ वर्षं ११ महिने झालेल्याला आज बाहेर काढलं तर ग्रॅच्युइटीचा वाद उभा राहतो. महिनाभर पुढची तारीख मिळाली तर वादच संपतो. ठरावीक मुदतीच्या करारावर असणाऱ्यांना नव्या संहितेनुसार वर्षभरातही प्रमाणात ग्रॅच्युइटी लागू होते, हे अजून अनेकांना माहीत नाही.

आणि कर. ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत करमुक्त आहे. छाटणीची कायदेशीर भरपाई आणि नियमांत बसणारी व्हीआरएस यांनाही ५ लाखांपर्यंत सवलत आहे. पण ‘एक्स-ग्रेशिया’ म्हणून दिलेली रक्कम सहसा पगारासारखीच करपात्र धरली जाते. त्यामुळे एकाच रकमेचं नाव कागदावर काय लिहिलंय यावर हातात किती येणार ते ठरतं. हे सहीआधीच विचारायचं असतं.

ज्यांना कागदच मिळत नाही

हे सगळं वाचून गावातला निम्मा तरुण म्हणेल, आमच्यासमोर असला कागद कुणी ठेवतच नाही. बरोबर आहे. ठेकेदारामार्फत लागलेल्याला फक्त निरोप येतो, उद्यापासून येऊ नको. त्यातल्या काहींच्या कोऱ्या कागदांवर लागतानाच सह्या घेतलेल्या असतात. अशा माणसाकडे हजेरी कार्ड, गेटपास, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, पीएफचा यूएएन आणि ईएसआयचा नंबर हेच पुरावे. ठेकेदारानं पगार बुडवला तर मुख्य कंपनीवर जबाबदारी येते. आणि नव्या वेतन संहितेप्रमाणे नोकरी कशीही सुटली तरी राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. दीड-दोन महिन्यांनी ‘फुल अँड फायनल’ करायची जुनी पद्धत पगारापुरती तरी आता कायद्यात बसत नाही. ग्रॅच्युइटीला मात्र ३० दिवसांची मुदत आहे.

मग सही करायची की नाही?

वरच्या उदाहरणात सहीची किंमत अडीच लाख निघाली, म्हणजे त्या कामगाराचा जवळजवळ आठ महिन्यांचा पगार. पुढची नोकरी तीन महिन्यांत मिळेल असा हुन्नर हातात असेल, संघटना नसेल, कंपनीनं प्रक्रिया बऱ्यापैकी पाळलेली असेल, तर सही करणं शहाणपणाचंच आहे. त्यात हार वगैरे काही नाही. पण सहीची किंमत ४० हजार निघत असेल आणि नोकरी १८ वर्षांची असेल, तर ती सही फुकटात दिल्यासारखी आहे. परवानगी न घेता मोठ्या कारखान्यात एकामागून एक राजीनामे घेतले जात असतील, किंवा बाई गरोदर असताना, कामगार कामावर जखमी झालेला असताना हा कागद पुढे आला असेल, तर सहीआधी वकिलाला दाखवल्याशिवाय पेन उचलू नये. गरोदरपणाच्या रजेत कामावरून काढायला कायद्यानंच बंदी आहे. तिथे ‘ऐच्छिक’ राजीनामा कोणाच्या सोयीचा, हे सांगायला नको.

तक्रारीसाठी वेळ आहे, पण तो अमर्याद नाही. जुन्या कायद्यात काढलेल्या कामगाराला वैयक्तिक दाव्यासाठी तीन वर्षं मिळायची, नव्या संहितेत ती मुदत दोन वर्षांवर आलीय. आधी समेट अधिकाऱ्याकडे अर्ज, आणि ४५ दिवसांत मार्ग निघाला नाही तर थेट न्यायाधिकरण. ही तक्रार सहसा जिथे काम होतं तिथे करायची असते. चाकणचा कामगार सामान बांधून धावड्याला आला की प्रत्येक तारखेला तीनशेहून जास्त किलोमीटरचा प्रवास, एका दिवसाची मजुरी आणि राहायची सोय, हे सगळं त्या दाव्याच्या खर्चात येतं. म्हणून खोली सोडण्याआधी पुण्यातल्या कामगार कार्यालयात अर्ज देऊन त्याची पोच घेतलेली बरी.

कागद वाचून घ्यायला मात्र पुण्यातच राहायची गरज नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्यात औद्योगिक कामगार, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत किंवा १५१०० या क्रमांकावर त्यासाठी विचारता येतं. सोबत नेमणूकपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, पीएफचं पासबुक आणि सहीसाठी दिलेल्या कराराची प्रत न्यावी. प्रत देत नसतील तर मोबाइलवर काढलेला फोटोही चालतो.